भूकंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठेतरी मोठा भूकंप झाला की आठवडाभर सगळीकडे तोच विषय असतो, "आज रात्री अडीच वाजता परत येणार आहे, सगळ्यांना कळवा" असे मेसेज फिरतात, आणि मग हळूहळू सगळं शांत होतं. त्या आठवड्यात लोक जे प्रश्न विचारतात ते मात्र खरंच चांगले असतात. नीट उत्तरं फारशी कोणी देत नाही, म्हणून एकेक घेऊन लिहिलंय. सगळ्यात जास्त विचारतात ते "पुढचा कधी?", पण माझ्या मते त्याहून कामाचा प्रश्न "आला तर माझ्या डोक्यावर काय पडेल?" हा आहे, कारण त्याचं उत्तर आत्ता, बसल्या जागी वर बघून मिळतं.

भूकंप होतो म्हणजे जमिनीखाली नक्की काय होतं?

पृथ्वीचं वरचं कवच एकसंध नाहीये, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना प्लेट्स म्हणतात, आणि त्या वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, साधारण आपली नखं वाढतात तेवढ्या वेगाने. सरकतात खऱ्या, पण जिथे दोन प्लेट्स एकमेकींना घासतात तिथे खडक खडकाला घट्ट अडकून बसतो. मागून रेटा चालूच असतो, त्यामुळे अडकलेल्या जागेच्या आजूबाजूचा खडक वाकत जातो, ताणला जातो, शंभर वर्षं, दोनशे वर्षं, कधी त्याहून जास्त. मग एक दिवस ताण घर्षणाला भारी पडतो आणि ती भेग, म्हणजे फॉल्ट, झटकन सरकते. इतक्या वर्षांची तुंबलेली हालचाल काही सेकंदांत होऊन जाते आणि त्यातून ज्या लाटा निघतात त्या आपल्याला भूकंप म्हणून जाणवतात.

घरी करून बघायचं असेल तर एक वीट सँडपेपरवर ठेवा, तिला रबरबँड बांधा आणि रबर अगदी हळू, एकसारखं ओढत राहा. वीट हलणार नाही, हलणार नाही, रबर ताणत जाईल, आणि मग एकदम उडी मारेल. परत ओढा, परत तेच, पण दर वेळी उडी वेगळ्या ताणाला आणि वेगळ्या अंतराची. तुम्ही तर एकाच वेगाने ओढताय, तरी उडी कधी बसेल ते सांगता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे भाकिताच्या प्रश्नात लागेल.

ही कल्पना पक्की झाली १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर. सरळ रेषेत घातलेली शेतांची कुंपणं फॉल्टवर तुटून बाजूला सरकली होती, एका ठिकाणी तर अडीच मीटरच्या आसपास. अशा मोजमापांवरून अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी सांगितलं की खडक आधी रबरासारखा ताणला जातो आणि मग सुटतो.

बातमीत "केंद्रबिंदू" म्हणतात तो कुठला?

फॉल्ट जिथून सुटायला लागतो ती जमिनीखालची जागा म्हणजे भूकंपनाभी, आणि तिच्या बरोबर वर जमिनीवरची जागा म्हणजे अपिकेंद्र. बातमीतला केंद्रबिंदू बहुतेक वेळा हा वरचा असतो. पण मोठ्या भूकंपात तो ठिपका फसवा असतो, कारण फॉल्ट तिथून फक्त सुरू होतो, मग चेन उघडत जावी तसा उघडत जातो. २००४ च्या सुमात्राच्या भूकंपात तो १,२०० किलोमीटरहून जास्त उघडला. म्हणून "मी केंद्रापासून २०० किलोमीटरवर आहे, मला काय होतंय" हा हिशोब चुकू शकतो, फॉल्टचं दुसरं टोक तुमच्या पायाखाली असू शकतं.

खोलीही बघायची. १० किलोमीटरवरचा भूकंप आणि ६०० किलोमीटरवरचा भूकंप, आकडा सारखा असला तरी वर जाणवण्यात जमीन-अस्मानाचा फरक. २०१३ मध्ये ओखोत्स्क समुद्राखाली सुमारे ६०० किलोमीटर खोल ८.३ चा भूकंप झाला, तो हजारो किलोमीटर लांब मॉस्कोपर्यंत जाणवला, पण फारसं नुकसान कुठेच झालं नाही. ७०० किलोमीटरच्या खाली मात्र भूकंप जवळजवळ होतच नाहीत.

"७.२ रिश्टर स्केल" म्हणजे किती? आणि ६ आणि ७ मध्ये फक्त एकाचाच फरक ना?

नाही, इथेच सगळ्यांची गल्लत होते. हा आकडा पट्टीवरच्या सेंटीमीटरसारखा नाहीये. एक आकडा वाढला की यंत्रावर नोंदली जाणारी हालचाल १० पट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट. दोन आकडे वाढले की ऊर्जा १,००० पट. म्हणजे ५ चा भूकंप आणि ७ चा भूकंप ही एकाच गोष्टीची छोटी-मोठी साइज नाही, दोन वेगळ्याच गोष्टी आहेत असं समजा.

आणि खरं सांगायचं तर मोठ्या भूकंपांसाठी आता रिश्टर स्केल वापरतच नाहीत. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये ती पद्धत कॅलिफोर्नियासाठी, तिथल्या एका ठरावीक यंत्रासाठी काढली होती, आणि खूप मोठ्या भूकंपांना ती कमी पडते. आता मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात, त्यात फॉल्टचा किती भाग सरकला, किती सरकला आणि खडक किती कडक आहे हे धरतात. ही पद्धत १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी या शास्त्रज्ञांनी मांडली. लोकांच्या तोंडी "रिश्टर" बसलंय ते बसलंय, त्याने फार बिघडत नाही.

बिघडतं ते "तीव्रता" या शब्दामुळे. आपल्याकडे बातमीत सरसकट "६.२ तीव्रतेचा भूकंप" असं छापतात, पण ६.२ ही तीव्रता नाही, ते मॅग्निट्यूड. मॅग्निट्यूड संपूर्ण भूकंपाला एकच असतं. तीव्रता प्रत्येक गावाला, प्रत्येक गल्लीला वेगळी असते, तिथे किती हललं आणि काय पडलं त्यावरून ठरते. ती मोजायला सुधारित मर्कॅली स्केल आहे, १ ते १२ पर्यंत आणि रोमन आकड्यांत. म्हणून "७ चा भूकंप झाला" ऐकलं की लगेच विचारायचं, किती खोल झाला, आणि माझ्या इथे तीव्रता किती होती?

पहिल्या बातमीत एक आकडा आणि तासाभराने दुसरा, लपवालपवी करतात का?

अजिबात नाही. पहिला आकडा काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या नोंदीवरून काढलेला असतो, आणि मोठा फॉल्ट तर तोपर्यंत पूर्ण उघडलेलाही नसतो. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये पहिला अंदाज ७.९ चा होता आणि भूकंप निघाला ९.० चा. त्या फरकामुळे त्सुनामीच्या लाटा किती उंच येतील याचा पहिला इशाराही कमी पडला, फार दुःखद गोष्ट आहे ती, आणि त्यातूनच तिथल्या इशाऱ्याच्या पद्धती नंतर बदलल्या.

छोटे छोटे धक्के बसतायत म्हणजे बरंच आहे ना, ताण निघून जातो?

ऐकायला बरं वाटतं पण गणित जमत नाही. ७ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा सोडायला ५ चे १,००० किंवा ४ चे ३०,००० हून जास्त भूकंप लागतील. एवढे छोटे भूकंप होत नाहीत. छोट्या धक्क्यांनी मोठा टळत नाही.

१० किंवा १२ चा भूकंप येऊ शकतो का?

मॅग्निट्यूड फॉल्टच्या लांबीवर अवलंबून असतं, आणि १० साठी लागेल एवढा लांब सलग फॉल्ट पृथ्वीवर माहीत नाही. यंत्रांवर नोंदलेला सगळ्यात मोठा २२ मे १९६० चा चिलीचा, ९.५. १२ चा येणार असा मेसेज आला तर बिनधास्त डिलीट करा.

भूकंप कधी येणार हे आधी सांगता येतं का?

नाही. तारीख, वेळ, जागा आणि आकडा, असं सगळं धरून आजपर्यंत कोणालाही भरवशाने सांगता आलेलं नाही.

लोक चीनचं उदाहरण देतात आणि ते खरंही आहे, अर्धं. फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचंग भागात मोठ्या भूकंपाच्या आधी शेकडो लहान धक्के बसले, लोकांना घराबाहेर काढलं, मग ७ च्या वरचा भूकंप आला आणि असंख्य जीव वाचले. जगभर वाटलं की झालं, जमलं. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला पहाटे तांगशानला भूकंप आला, आधी तसे कुठलेच धक्के नाहीत, इशारा नाही, आणि सरकारी आकड्यानुसार २,४०,००० हून जास्त माणसं गेली. मुद्दा हा की काही मोठ्या भूकंपांआधी छोटे धक्के बसतात, पण बहुतेकांआधी बसत नाहीत, आणि बहुतेक छोटे धक्के तसेच विरून जातात. तो धक्का पूर्वधक्का होता हे मोठा आल्यावरच कळतं.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डचं. तिथे साधारण दर २२ वर्षांनी ६ चा भूकंप येत होता, घड्याळासारखा, म्हणून शास्त्रज्ञांनी सांगितलं की १९९३ च्या आत पुढचा येईल, आणि तिथे तऱ्हेतऱ्हेची यंत्रं पेरून ठेवली. आला २००४ मध्ये. ती वीट आठवा. आणि यंत्रं एवढी जवळ असूनही आधी कुठलीच ठळक खूण सापडली नाही.

म्हणून कोणी तारीख सांगत असेल तर एवढंच बघा, त्याने जागा नेमकी सांगितलीय का, आकडा सांगितलाय का, आणि आधी किती वेळा चुकलाय ते कुठे लिहिलंय का. "या महिन्यात आशियात मोठा भूकंप" हे भाकीत नाही. जगात ७ च्या वरचे भूकंप वर्षाला सरासरी १५ च्या आसपास होतातच, ६ च्या वरचे तर शंभराहून जास्त.

मग शास्त्रज्ञ सांगू तरी काय शकतात?

बरंच काही. कुठल्या भागात पुढच्या ३० किंवा ५० वर्षांत किती जोराचं हलण्याची किती शक्यता आहे हे सांगतात, त्याचे नकाशे असतात आणि इमारतींचे नियम त्यावरूनच ठरतात. घर बांधणाऱ्याला तारीख लागत नाही, हा नकाशा लागतो.

मोठा भूकंप झाल्यावर येणाऱ्या धक्क्यांबद्दल, म्हणजे आफ्टरशॉकबद्दल, तर चांगलंच सांगता येतं. जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखवलं की त्यांची संख्या दिवसांच्या प्रमाणात घटत जाते, पहिल्या दिवशी जेवढे तेवढ्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे दहाव्या दिवशी. संख्या घटते, पण म्हणून उरलेले सगळे छोटेच असतील असं नाही, दहाव्या दिवशीही एखादा मोठा येऊ शकतो. कधी कधी तर दुसरा जवळपास पहिल्याएवढाच निघतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कीत ७.८ नंतर साधारण नऊ तासांनी ७.५ चा आला, आणि पहिल्यात नुसत्या तडकलेल्या कितीतरी इमारती दुसऱ्यात खाली आल्या. म्हणून तडे गेलेल्या घरात "फक्त पाच मिनिटं, कागदपत्रं घेऊन येतो" म्हणून जाऊ नका, कळकळीने सांगतोय.

प्राण्यांना आधी कळतं म्हणतात?

काही सेकंद आधी कळत असेल, कारण जोराच्या लाटेच्या आधी येणारी हलकी लाट त्यांना जाणवते आणि आपल्याला जाणवत नाही. दिवसभर आधी कळतं याचा भरवशाचा पुरावा नाही. कुत्रा रोजच कधी ना कधी भुंकतो, आठवतं ते भूकंपाच्या दिवशीचं.

भूकंपावर लक्ष ठेवतात म्हणजे नक्की काय करतात?

मुळात एक साधी युक्ती आहे. भूकंपात सगळंच हलतं, टेबल, भिंत, यंत्रसुद्धा, मग मोजायचं कशाच्या तुलनेत? त्यासाठी एक वजन स्प्रिंगला असं टांगतात की खालची जमीन हलली तरी ते जडपणामुळे जागच्या जागी राहायचा प्रयत्न करतं. जमीन आणि ते वजन यांच्यातला फरक नोंदला की झाला भूकंपमापक. जुन्या यंत्रांत फिरत्या ड्रमवरच्या कागदावर रेघ उमटायची, आता सगळं इलेक्ट्रॉनिक. ही यंत्रं इतकी नाजूक असतात की वाऱ्याने हलणारी झाडं, हायवेवरचे ट्रक, लांबच्या समुद्राच्या लाटा, सगळं त्यात येतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माणसांमुळे होणारी ही थरथर अनेक स्टेशनांवर निम्म्यापर्यंत खाली आली होती, अख्खं जग शांत झाल्याचं त्या रेघेत दिसत होतं. मला ही गोष्ट फार भावते.

आता जागा कशी काढतात ते. भूकंपातून मुख्य दोन लाटा निघतात. पहिली पी लाट, ती खडकाला दाबत-ताणत जाते, कवचात सेकंदाला साधारण ६ किलोमीटरने. मागून एस लाट, ती आडवी हलवते, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरने, आणि खरं नुकसान ती आणि तिच्या मागच्या पृष्ठभागावरच्या लाटा करतात. वीज आणि गडगडाटासारखंच, जेवढं अंतर जास्त तेवढी दोघींमधली वेळ जास्त. हे तुम्हालाही करता येतं, आधी एक धप्प किंवा हलकी थरथर जाणवते, मग जोराचं हलणं येतं, मधले सेकंद मोजा आणि ८ ने गुणा, साधारण तेवढे किलोमीटर. १० सेकंद म्हणजे ८० किलोमीटर. एका स्टेशनवरून अंतर कळतं पण दिशा कळत नाही, तीन किंवा जास्त स्टेशनांवरून वर्तुळं काढली की ती जिथे भेटतात तिथे भूकंप. खोली काढायला जवळ स्टेशन असावं लागतं, म्हणूनच बातमीत पुष्कळदा गुळगुळीत "खोली १० किलोमीटर" दिसतं, नीट मोजता येईपर्यंत तो आकडा धरून चालतात.

नुसत्या भूकंपमापकांवर भागत नाही. जोराचं हलणं मोजायला वेगळे ॲक्सेलरोग्राफ लागतात, कारण नाजूक यंत्राची सुई जवळच्या मोठ्या भूकंपात पार टोकाला जाऊन अडकते, आणि इंजिनियरला नेमकी तीच नोंद हवी असते. मग जीपीएस, जपानमध्ये त्याची सुमारे १,३०० कायमची स्टेशनं आहेत, जमीन कुठे किती ताणली जातेय ते मिलिमीटरमध्ये कळतं. २०११ च्या भूकंपात तिथला किनाऱ्याचा एक भाग पूर्वेला ५ मीटरहून जास्त सरकला हे त्यातूनच दिसलं. सॅटेलाइटच्या रडार फोटोंवरून भूकंपाआधीची आणि नंतरची जमीन ताडून बघतात. आता तर इंटरनेटच्या फायबर केबलमधून प्रकाश पाठवून केबल कुठे ताणली गेली ते मोजतात, म्हणजे किलोमीटरच्या किलोमीटर केबलच भूकंपमापक.

आणि हो, हेच जाळं चोरून केलेले अणुस्फोटही पकडतं. स्फोट सगळीकडे सारखा बाहेर ढकलतो, फॉल्ट आडवा घसरतो, त्यामुळे लाटांचा नमुनाच वेगळा येतो.

फोनवर भूकंपाचा अलर्ट येतो, मग भाकीत होतं की नाही?

ते भाकीत नाही. भूकंप झालेला असतो, लाट फक्त तुमच्यापर्यंत पोचायची असते. केंद्राजवळच्या यंत्रांनी पी लाट पकडली की कॉम्प्युटर काही सेकंदांत अंदाज काढतो आणि मेसेज पाठवतो, आणि मेसेज प्रकाशाच्या वेगाने जातो, लाट काही किलोमीटरच्या वेगाने. मेक्सिकोत ही सिस्टीम १९९० च्या दशकापासून आहे, जपानमध्ये सगळ्या जनतेसाठी ऑक्टोबर २००७ पासून. अँड्रॉइड फोनमधला हलणं ओळखणारा सेन्सरही आता हे काम करतो, एका भागातले पुष्कळ फोन एकदम थरथरले की सर्व्हरला कळतं.

अडचण एकच, केंद्राच्या अगदी जवळ असाल तर वेळ मिळत नाही. १९ सप्टेंबर २०१७ ला मेक्सिको सिटीत सकाळी भूकंपाची रंगीत तालीम झाली होती, १९८५ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ, आणि दोनच तासांनी खरा ७.१ चा आला. केंद्र जवळ होतं, शहरात भोंगे आणि हलणं जवळजवळ एकदमच सुरू झालं. पण लांबच्या भूकंपात १० ते ६० सेकंद मिळतात आणि ते खूप असतात. २०११ मध्ये जपानच्या शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, गाड्यांना आपोआप ब्रेक लागले आणि त्यातला एकही प्रवासी दगावला नाही.

लांबच्या भूकंपाने इमारत पडते आणि जवळची उभी राहते, असं कसं?

दोन गोष्टी, जमीन आणि उंची. १९८५ मध्ये भूकंप मेक्सिकोच्या किनाऱ्यावर झाला आणि साडेतीनशे किलोमीटरहून लांब असलेल्या मेक्सिको सिटीत हजारो माणसं गेली. त्या शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर उभा आहे. गाळ वाटीतल्या जेलीसारखा हलत राहिला, साधारण दर दोन सेकंदाला एक हेलकावा. प्रत्येक इमारतीची पण स्वतःची लय असते, ढोबळमानाने मजल्यांच्या संख्येला ०.१ ने गुणलं की तेवढे सेकंद, आणि तडे जायला लागले की ती आणखी संथ होते. त्यामुळे ६ ते १५ मजल्यांच्या इमारती त्या गाळाच्या लयीत सापडल्या आणि झोक्याला बरोबर वेळेवर धक्का मिळावा तशा हेलकावत गेल्या. बैठी घरं आणि खूप उंच टॉवर त्या मानाने वाचले.

ओली वाळू असेल तर आणखी वेगळंच. समुद्राच्या काठावर ओल्या वाळूत पाय थपथप आपटत राहिलात तर ती पातळ होऊन पाय आत जातो. भूकंपात अख्ख्या वस्तीखालची वाळू तशी होते, याला द्रवीभवन म्हणतात. १९६४ मध्ये जपानच्या निईगाताला तर चार मजली इमारती न तुटता, अख्ख्याच्या अख्ख्या आडव्या कलंडल्या होत्या. याशिवाय डोंगर कोसळतात, आगी लागतात. १९२३ ला तोक्यो-योकोहामाच्या भूकंपाची वेळ दुपारी बाराच्या जराशी आधीची, घराघरात चुली पेटलेल्या, आणि बहुतेक माणसं आगीत गेली.

समुद्रकिनाऱ्यावर असलो तर?

सायरनची वाट बघू नका. जोरात हललं, किंवा हलकंच पण मिनिटभर हलत राहिलं, किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर तडक उंच जागी जा आणि तासन्तास खाली येऊ नका, कारण पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही. खोल समुद्रात त्सुनामी ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाने येते, जेट विमानाच्या जवळपास. सुमात्राजवळच्या सिमुलुए बेटावर १९०७ ची त्सुनामी आजी-आजोबांच्या गोष्टींतून आणि गाण्यांतून जिवंत होती, त्याला ते "स्मोंग" म्हणतात. जोरात हललं आणि पाणी ओसरलं की डोंगराकडे पळायचं, एवढीच गोष्ट. २००४ ला ते बेट केंद्राच्या अगदी जवळ होतं, हाताशी काही मिनिटं होती, आणि सुमारे ७८,००० लोकांपैकी ७ दगावले. बाकी हिंद महासागराच्या काठावर दोन लाखांहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी जणांकडे दोन-दोन तास होते पण कोणी सांगणारं नव्हतं.

आमच्या भागात कधीच भूकंप झालेला नाही, मग काळजी कशाला?

"कधीच" म्हणजे आपल्या आठवणीत. फॉल्टची पाळी हजार वर्षांनी येत असेल तर आठवणीचा काय उपयोग? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला, प्लेटच्या कडेपासून खूप लांब, जो भाग सुरक्षित समजला जायचा तिथे. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपेतल्या लोकांवर सगळं आलं, जवळजवळ १०,००० माणसं गेली.

याच्या शेजारी २०१० ची दोन उदाहरणं ठेवा. जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप, एक लाखाहून जास्त मृत्यू. फेब्रुवारीत चिलीत ८.८ चा, ऊर्जा जवळजवळ ५०० पट, आणि मृत्यू ५०० च्या आसपास, त्सुनामी धरून. अंतर आणि खोलीचा फरक होता हे खरं, पण मोठा फरक बांधकामाचा होता. चिलीत १९६० नंतर नियम कडक होत गेले आणि ते पाळलेही गेले.

माझी इमारत धोक्याची आहे का हे कसं ओळखू?

पक्कं उत्तर स्ट्रक्चरल इंजिनियरच देईल, पण काही गोष्टी आपल्यालाही दिसतात. तळमजल्यावर नुसते खांब आणि पार्किंग किंवा दुकानांच्या मोठ्या काचा, आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात वाईट रचना, खालचा मजला गुडघे मोडल्यासारखा बसतो. नंतर पाडलेल्या भिंती, छाटलेले खांब, परवानगीशिवाय चढवलेला मजला, गंजून बाहेर आलेल्या सळ्या. चांगल्या इमारतीत सळ्यांच्या रिंगा जवळजवळ असतात आणि त्यांची टोकं आत वळवलेली असतात, त्यामुळे काँक्रीट फुटलं तरी खांब उभा राहतो. हे प्लास्टरखाली झाकलं जातं, म्हणून बांधकाम चालू असतानाच बघायला हवं. जुन्या इमारतीही मजबूत करता येतात, पाडायलाच लागतात असं नाही.

हलायला लागलं की पळायचं का?

एकच ठरलेलं आहे. खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, टेबलाचा पाय धरून ठेवा. टेबल नसेल तर खिडकी आणि कपाटापासून लांब, आतल्या भिंतीला लागून, हातांनी डोकं आणि मान झाका. बऱ्याच जखमा पळताना पडून किंवा वरून काही पडून होतात, आणि बाहेर पडायच्या दारातच काचा, सज्जे, प्लास्टर कोसळतं. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला जुना झाला, आता तसं सांगत नाहीत. पलंगावर असाल तर तिथेच, उशी डोक्यावर घ्या. व्हीलचेअरवर असाल तर ब्रेक लावा आणि पुढे वाकून डोकं झाका. गाडीत असाल तर पूल आणि विजेच्या तारा सोडून बाजूला थांबा. लिफ्ट अजिबात नाही. अपवाद कच्च्या मातीच्या किंवा दगडी घराचा, तळमजल्यावर दाराशीच असाल आणि बाहेर मोकळी जागा असेल तर बाहेर पडलेलं बरं.

हलणं थांबल्यावर पायात चप्पल-बूट घाला, फुटलेल्या काचेवर अनवाणी पाय पडणं ही अगदी नेहमीची जखम आहे. गॅसचा वास आला तर बटण चालू-बंद काहीच करू नका, गॅस बंद करा आणि बाहेर या. फोन न करता मेसेज करा, लाइन जखमींना लागते.

आणि आज करायचं काम पाच मिनिटांचं आहे. पलंगावर आडवे व्हा आणि बघा, वर काय टांगलंय, कुठलं कपाट तुमच्या अंगावर येईल. ते भिंतीला अँगलने बांधा किंवा पलंग सरकवा.

माणसामुळे भूकंप होतात का?

होतात. मोठ्या धरणात पाणी भरलं की खालच्या खडकावर वजन येतं, भेगांत पाणी मुरतं आणि ताणलेला फॉल्ट सुटू शकतो. जगभर याचं उदाहरण म्हणून कोयनेचंच नाव घेतात, डिसेंबर १९६७ चा सुमारे ६.३ चा भूकंप. अमेरिकेत ओक्लाहोमात तेलविहिरींचं सांडपाणी खोल जमिनीत सोडल्याने भूकंप एकदम वाढले, २०१६ मध्ये ५.८ चा झाला, आणि पाणी सोडणं कमी केल्यावर ते घटले. ताण मात्र आधीपासूनचा असतो, माणूस फक्त चाप ओढतो.

उकाडा, ग्रहण, पौर्णिमा?

उकाड्याचा काही संबंध नाही, १० किलोमीटर खाली हवामान पोचत नाही. चंद्राच्या ओढीचा अगदी बारीकसा परिणाम काही ठिकाणी दिसलाय, पण त्यावरून तारीख काढता येईल एवढा नाही.

धक्का जाणवला तर कुठे कळवायचं का, की त्यांना कळतंच?

जरूर कळवा. यंत्रं काही किलोमीटरच्या अंतराने असतात, तुमच्या गल्लीत किती हललं ते यंत्राला कळत नाही, ते तुमच्या उत्तरावरूनच कळतं. बऱ्याच देशांच्या भूकंप केंद्रांच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर छोटा फॉर्म असतो. प्रश्न अगदी साधे असतात, झोपेतून जाग आली का, भांडी वाजली का, टांगलेला दिवा हलला का, उभं राहता येत होतं का, कितव्या मजल्यावर होता. जाणवलं नसेल तर तेही भरा, जिथे जाणवलं नाही ती सीमाही नकाशावर काढायची असते.